६.३चा सीजीपीए आणि आठ लाखांचं एमबीए

पत्राचा सारांश: सोलापुरात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलीचं पत्र आहे. सहा सेमिस्टरचा सीजीपीए, म्हणजे दहापैकी सरासरी गुणांक, ६.३. दुसऱ्या वर्षी दोन विषय राहिले होते, ते पुढच्याच परीक्षेत सुटले. दहावीला ८८ टक्के, बारावीला ७१. कॉलेजात कंपन्या यायला लागल्या आहेत, पण पहिल्या दोन कंपन्यांच्या यादीत तिचं नावच लागलं नाही, कारण अट ६.५ची होती. वडील अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात सुपरवायझर आहेत. पुण्याच्या मामांचं म्हणणं, "एमबीए करून टाक, मग इंजिनिअरिंगचे मार्क कोण विचारतंय?" त्यांनी सुचवलेल्या कॉलेजची दोन वर्षांची फी आणि राहणं-खाणं धरून आठ लाख होतात आणि तेवढं कर्ज काढायची वडिलांची तयारी आहे. ती विचारते, "६.३वर आता कुणी घेणारच नाही का? एमबीए केलं तर हे झाकलं जाईल का? की मिळेल ती नोकरी धरू? पप्पांना कर्जात टाकायचं की नाही, हे मला महिनाभरात ठरवायचंय."

प्रिय मैत्रिणी,

मामांच्या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण तुझं सगळं कोडं त्या एका वाक्यावर उभं आहे. एमबीएच्या कॉलेजात कंपन्या येतात तेव्हा मुलांकडून जो फॉर्म भरून घेतात, त्यात दहावी, बारावी, पदवी आणि एमबीए असे चारही रकाने असतात. पदवीच्या रकान्यात तुला तिथंही जे असेल तेच लिहावं लागणार. 'सगळीकडे ६० टक्के' ही अट तिथंही भेटते. आयआयएमसारख्या संस्था तर मुलाखतीला बोलवायच्या आधीच दहावी, बारावी आणि पदवीच्या मार्कांना गुण देतात. एमबीए म्हणजे काही सोलापुरी चादर नाही, की अंगावर ओढली आणि खालचं दिसेनासं झालं. मामांना तुझी काळजी आहे, यात शंका नाही. पण त्यांच्या सल्ल्यातला हा भाग चुकीचा आहे आणि तुमच्या घरचे आठ लाख नेमके त्याच भागावर लागणार आहेत.

मग ६.३ किती आड येतो? मार्क हे चाळणीचं काम करतात. वीस जागांसाठी पाचशे अर्ज आले की एचआरवाले पाचशे बायोडेटा वाचत बसत नाहीत. एक्सेलमध्ये ६.५चा फिल्टर लावतात आणि उरतील त्यांना टेस्टला बसवतात. तुला ड्रॉइंग किती चांगलं वाचता येतं, हे त्या फिल्टरला कळत नाही. त्याला ६.४९ आणि ५.२ सारखेच. एकदा चाळणीतून पुढे गेलीस की निकाल टेस्टवर आणि मुलाखतीवर लागतो. डिझाइन आणि संशोधनाच्या काही जागा सोडल्या, तर ६.७ आणि ७.८ यांच्यात कुणी फारसा फरक करत नाही. आणि पहिल्या नोकरीत दोन-तीन वर्षं झाली की पुढची कंपनी आधी काम विचारते, मार्कशीट नंतर. म्हणजे या आकड्याचा त्रास तुला सगळ्यात जास्त होणार तो आत्ताच्या आठ-दहा महिन्यांत. त्यामुळे आधी तो आकडा किती हलतो ते बघू.

वही घे. समजा तुझ्या अभ्यासक्रमाचे एकूण १६० क्रेडिट (प्रत्येक विषयाला दिलेलं वजन) आहेत, १२० झाले, ४० उरले. तुझ्या कॉलेजचे आकडे थोडे वेगळे असतील, ते घालून पुन्हा कर. १२० गुणिले ६.३ म्हणजे ७५६. शेवटी ६.५ हवा असेल तर १६० गुणिले ६.५, म्हणजे १०४०. फरक २८४ आणि तो ४० क्रेडिटमध्ये भरून काढायचा, म्हणजे उरलेल्या दोन सेमिस्टरला सरासरी ७.१. हे तुला जमण्यासारखं आहे. शेवटच्या वर्षी प्रोजेक्टला क्रेडिट भरपूर असतात आणि तिथले मार्क वेळच्या वेळी काम दाखवण्यावर असतात, तीन तासांच्या एका पेपरवर नाही. ७.० हवा असेल तर मात्र दोन्ही सेमिस्टरला ९.१ काढावे लागतील. त्याच्या मागे लागून झोप उडवू नकोस.

पण इथं एक खड्डा आहे आणि दरवर्षी कितीतरी मुलं त्यात पडतात. सीजीपीएचे टक्के करताना सरळ १०ने गुणायचं नसतं. एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या, तक्त्यात ६.२५ म्हणजे ५५ टक्के, ६.७५ म्हणजे ६० आणि ७.२५ म्हणजे ६५. सीजीपीएतून ०.७५ वजा करायचे आणि मग १०ने गुणायचं. या हिशेबानं तुझे आजचे ६.३ म्हणजे ५५.५ टक्के आणि ६.५ केलेस तरी ५७.५. 'सीजीपीए ६ किंवा ६० टक्के' असं लिहिणाऱ्या कंपनीला तू आजही चालतेस. नुसतं '६० टक्के' लिहिणाऱ्या कंपनीला ६.५ करूनही चालणार नाहीस. तिथं ६.७५ लागतात आणि त्यासाठी दोन सेमिस्टरची सरासरी ८.१ यायला हवी. तेव्हा ७.१वर समाधान मानू नकोस, ८.१ डोळ्यांसमोर ठेव. ७.८वर थांबलीस तरी ६.६७ होतील आणि ६.५ची अट मागे पडलेली असेल.

तुझ्या विद्यापीठाचं, किंवा कॉलेज स्वायत्त असेल तर कॉलेजचं, सूत्र वेगळं असू शकतं. बहुतेक वेळा ते गुणपत्रिकेच्या मागे छापलेलं असतं. नसेल तर परीक्षा विभागातून रूपांतराचं पत्र लेखी घे आणि प्रत्येक फॉर्ममध्ये तोच आकडा भर. स्वतःच्या मनानं ६३ टक्के लिहिलेस आणि रुजू होताना पडताळणीत ५५.५ निघाले, तर मिळालेली ऑफरही जाते. बॅकलॉगचंही तसंच. 'सध्याचे बॅकलॉग' या रकान्यात शून्य लिही, कारण तुझे दोन्ही विषय सुटले आहेत. 'आजवरचे बॅकलॉग' असा वेगळा रकाना असेल तर तिथं दोन लिही. घाईत हे दोन रकाने एकच समजून मुलं एकतर खोटं लिहून बसतात, नाहीतर स्वतःचंच नुकसान करून घेतात.

सरकारी आणि सार्वजनिक क्षेत्राबद्दल तू विचारलं नाहीस, तरी थोडक्यात सांगते. आपल्या फताटेवाडीच्या एनटीपीसीच्या १,३२० मेगावॉटच्या वीज प्रकल्पात नोकरी करायचं स्वप्न सोलापूरची बरीच मुलं बघतात. पण एनटीपीसीच्या इंजिनिअर ट्रेनी भरतीत गेट या इंजिनिअरिंगच्या राष्ट्रीय परीक्षेचा स्कोअर तर लागतोच, शिवाय खुल्या वर्गाला पदवीला ६५ टक्के लागतात. वरच्या तक्त्याप्रमाणे ते ७.२५ होतात. उरलेल्या दोन सेमिस्टरला दहापैकी दहा काढलेस तरी तू तिथवर पोचत नाहीस. एससी-एसटी आणि दिव्यांग उमेदवारांना अट ५५ची असते. याउलट यूपीएससीची इंजिनिअरिंग सेवा, एमपीएससीची अभियांत्रिकी सेवा, रेल्वेची ज्युनिअर इंजिनिअर भरती, यांना पदवी पुरते, टक्क्यांची अट नाही. तिकडे जायचंच असेल तर ६.३मुळे पाऊल मागे घेऊ नकोस. मात्र दीड-दोन वर्षं फक्त अभ्यास करायची घरची तयारी आहे का, हे आधी बोलून घे.

आता एमबीए. ते वाईट असतं असं मी म्हणत नाही. चांगल्या ठिकाणचं, योग्य वेळी केलेलं एमबीए इंजिनिअरला फार पुढे नेतं. पण कुठलंही एमबीए, आत्ता आणि कर्ज काढून, या तिन्ही गोष्टी एकत्र येतात तिथं काळजी वाटते.

आधी कर्जाचा हिशेब बघ. पहिल्या वर्षी चार लाख, दुसऱ्या वर्षी चार, व्याज १० टक्के धरू. शिकताना आणि नंतर साधारण वर्षभर बँक हप्ता मागत नाही, पण व्याजाचं मीटर चालूच असतं. पहिल्या चार लाखांचं तीन वर्षांचं व्याज १ लाख २० हजार, दुसऱ्या चार लाखांचं दोन वर्षांचं ८० हजार. मधे काहीच भरलं नाही तर हप्ता सुरू होताना अंगावर दहा लाख असतात. सात वर्षांत फेडायचे तर महिना साधारण १६,६०० रुपये. शिकत असतानाच व्याज भरत गेलात तर हप्ता १३,३००च्या आसपास येतो, पण ते व्याज भरायचं कुणी? पप्पांनीच. एमबीएनंतर हातात ३० हजार आले आणि पुण्यात खोली, डबा, येणं-जाणं मिळून १२ हजार गेले, तर उरतात १८. हप्ता भरून चौदाशे. आणखी एक, सरकारी बँका साधारणपणे साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण मागत नाहीत. आठ लाख म्हणजे ती रेषा ओलांडली. घराचे कागद मागितले जातील, हे पप्पांना माहीत आहे का?

मग ३० हजार तरी मिळतील का, हे कसं कळणार? कॉलेजच्या जाहिरातीतल्या 'सर्वोच्च पॅकेज'कडे बघूच नकोस, ते एका मुलाचं असतं. 'सरासरी'ही फसवी असते, चार मोठे पगार तिला वर ओढतात. तुला हवा आहे मधला पगार. साठ मुलांना पगाराप्रमाणे ओळीत उभं केलं तर मध्यावर जो उभा आहे त्याचा. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थांना हा आकडा द्यावाच लागतो. किती मुलं पास झाली, त्यातली किती नोकरीला लागली आणि त्यांचा मधला पगार किती, असा तक्ता संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरही ठेवलेला असतो. मामांनी सुचवलेल्या कॉलेजचा तो तक्ता काढ. कॉलेज त्यात नसेलच, तर गेल्या वर्षी पास झालेल्या पाच मुलांशी फोनवर बोल. ती मुलं तू स्वतः शोध, कॉलेजनं दिलेली नावं नकोत. त्यांना पदाचं नाव विचारू नकोस, दिवसभर काय करता ते विचार. 'बिझनेस डेव्हलपमेंट'च्या नावाखाली दिवसाला शंभर फोन करून कर्ज, विमा किंवा ऑनलाइन कोर्स विकायचं काम बऱ्याच ठिकाणी असतं, आणि त्यातला बराचसा पगार टार्गेटवर ठरतो.

प्रवेश कुठल्या दारानं मिळतो, यावर तर निम्मा खर्च ठरतो. २०२४-२५पासून महाराष्ट्रात आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. तू यात बसत असशील तर इंजिनिअरिंगला ही सवलत कदाचित घेतही असशील. पण त्यासाठी प्रवेश सीईटी देऊन कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेशफेरीतून, व्हायला हवा. मॅनेजमेंट कोटा, अभिमत विद्यापीठ किंवा खासगी विद्यापीठ असेल तर सवलत नाही. मामांच्या ओळखीनं 'सीट पक्की' होते आहे म्हणजे नेमकं कुठल्या कोट्यातून, हा प्रश्न त्यांना आजच विचार. मला भीती वाटते ती अशी, की जी फी तुला भरावीच लागली नसती, तिच्यासाठी घर तारण पडायचं.

एमबीएच्या सीईटीत तुझ्यासाठी एक बरी गोष्ट आहे. कॅपची गुणवत्ता यादी सीईटीच्या गुणांवर लागते. पदवीला ५० टक्के, राखीव वर्गाला ४५, एवढीच अट. तुझे ५५.५ त्यात बसतात. पेपर २०० प्रश्नांचा, वेळ १५० मिनिटं. त्यात तर्काचे ७५ प्रश्न, आकृत्यांचे २५, गणिताचे ५० आणि इंग्रजीचे ५०. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे शेवटच्या दोन मिनिटांत एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. इथं ज्ञानापेक्षा वेग लागतो, एका प्रश्नाला पाऊण मिनिट. मुंबईतल्या जमनालाल बजाज किंवा सिडनहॅमसारख्या ठिकाणी याच परीक्षेतून, पदवीचे मार्क मधे न येता, जाता येतं. अर्थात तिथं ९९च्या पुढचे पर्सेंटाइल लागतात. तीन-चार महिने रोज एक तास देऊन एकदा परीक्षा देऊन बघ. चांगल्या कॉलेजला लागलीस आणि फी माफ असेल, तर आत्ताचं एमबीएसुद्धा मी चूक म्हणणार नाही. नाही लागलीस तर फॉर्मच्या फीपुरतेच पैसे गेले.

तरीही माझा कल सांगायचा तर आधी दोन-तीन वर्षं कारखान्यात काम कर आणि मग एमबीए. यात 'अनुभव घ्यावा' असं मोघम मी म्हणत नाही. कॅट या आयआयएमच्या प्रवेशपरीक्षेवरून प्रवेश देणाऱ्या बऱ्याच संस्था कामाच्या महिन्यांना वेगळे गुण देतात आणि काही संस्था मुलींनाही देतात, त्यामुळे ६.३ची काही भरपाई तिथं होते. मुंबईची पूर्वीची नीटी, जी २०२३मध्ये आयआयएम मुंबई झाली, तिची ओळखच मुळी इंजिनिअरांना उत्पादन, पुरवठा साखळी आणि ऑपरेशन्स शिकवणारी संस्था अशी आहे. ज्यानं इन्व्हेंटरी हा शब्द फक्त पुस्तकात वाचला आणि ज्यानं मार्च अखेरीला स्टोअरमध्ये उभं राहून स्टॉक मोजला, त्या दोघांना वर्गात एकच धडा सारखा कळत नाही. आणि कामाला लागल्यावर तुला असंही वाटेल, की एमबीए नकोच, एमटेक करू, नाहीतर याच कामात पुढे जाऊ. नोकरी करता करता पदवी हवी असेल तर इग्नू किंवा नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचं एमबीए कमी खर्चात होतं. त्याला कॅम्पस नसतो, पण बढतीसाठी उपयोग होतो.

पण मग मार्केटिंग, खर्च, धंदा हे सगळं शिकायचं राहिलं का? मुळीच नाही, आणि मामांच्या सल्ल्यातला खरा भाग हाच आहे. ज्या इंजिनिअरला नगामागे पैसा किती लागतो हे कळतं, त्याला मागणी आहे. कंपनीत त्या कामांना पीपीसी (उत्पादनाचं नियोजन), परचेस, कॉस्टिंग, व्हेंडर डेव्हलपमेंट, टेक्निकल सेल्स अशी नावं आहेत. सीएनसी म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनची एक साधी गोष्ट घे. सेटिंगला दोन तास लागतात आणि मशीनचा दर तासाला ४०० रुपये आहे. १०० नगांची बॅच काढली तर सेटिंगचा खर्च नगामागे ८ रुपये पडतो, ५००ची काढली तर १ रुपया ६० पैसे. मग नेहमी मोठीच बॅच का काढू नये? कारण उरलेले ४०० नग रॅकवर पडून पैसा अडकवतात आणि ड्रॉइंग बदललं तर भंगारात जातात. मुलाखतीत हे एवढं सोडवून सांगणाऱ्या मुलाकडे समोरचा माणूस मान वर करून बघतो.

तुझ्याकडे तर यासाठी घरातच प्रयोगशाळा आहे. पप्पांच्या कारखान्यातला एक टॉवेल घे, ७५ बाय १५० सेंटिमीटरचा, ४५० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ४५० ग्रॅम. क्षेत्रफळ १.१२५ चौरस मीटर, म्हणजे वजन ५०६ ग्रॅम यायला हवं. लूपची उंची किंचित वाढली किंवा इंचाला एखादा पिक, म्हणजे आडवा धागा, जास्त बसला आणि जीएसएम ४६० झाला, तर टॉवेलमागे सव्वाअकरा ग्रॅम सूत जास्त जातं. गिऱ्हाईक त्याचे पैसे देत नाही, कारण त्याची ऑर्डर ४५०ची आहे. दहा हजार टॉवेलच्या ऑर्डरला हे ११२ किलो पाचशे ग्रॅम होतं. सूत २५० रुपये किलो धरलं तर २८ हजारांच्या वर रुपये एका ऑर्डरमागे गेले. माल कुणी परत पाठवत नाही, म्हणून ही गळती कुणाच्या लक्षातही येत नाही.

याचा प्रोजेक्ट कर. मालकांची परवानगी पप्पांमार्फत आधी घे. बारा लूम निवड, रोज प्रत्येकी पाच टॉवेल मोज, वीस दिवस. १,२०० वजनं होतात. वजन करताना माल एकाच टप्प्यावरचा घे. लूमवरून उतरलेला कोरा टॉवेल आणि धुऊन वाळवलेला टॉवेल एकाच यादीत घालशील तर सगळं वाया जाईल. हवेतल्या ओलाव्यानंही वजन हलतं, कापूस प्रमाण हवेत साधारण साडेआठ टक्के ओलावा धरून ठेवतो. त्यामुळे सगळे नमुने काही तास एकाच खोलीत ठेवून, रोज एकाच वेळी तोल. कारखान्यात गोल जीएसएम कटर असेल तर अजून सोपं. तो १०० चौरस सेंटिमीटरचा तुकडा कापतो, वजनाला १००ने गुणलं की जीएसएम. पण टॉवेलच्या काठापासून आणि बॉर्डरपासून दूर काप, तिथं लूप नसतात. मग लूमप्रमाणे आणि पाळीप्रमाणे आलेख काढ. साधारण असं दिसतं, की सगळे लूम थोडे थोडे बिघडलेले नसतात, दोन-तीनच घोळ घालत असतात. ते का, हे शोधताना तुला कारागिराशी आणि लूम दुरुस्त ठेवणाऱ्या जॉबरशी बोलावं लागेल. त्यांचं ऐकून घे, त्यांच्यावर चूक ढकलायला आल्यासारखं वाटू देऊ नकोस, नाहीतर दुसऱ्या दिवसापासून तुला निवडक टॉवेल दाखवले जातील.

बायोडेटावर याची एक ओळ होते: '१२ टेरी लूमवरील १,२०० नमुन्यांचं वजन तपासून जादा सूत जाणारे लूम शोधले, ऑर्डरमागचा खर्च काढला.' पुढे तुझा खरा आकडा. गिऱ्हाइकाचं आणि कारखान्याचं नाव परवानगीशिवाय लिहू नकोस. शेजारी कॉस्टिंगचा किंवा ऑपरेशन्स मॅनेजमेंटचा एनपीटीईएलचा, म्हणजे आयआयटींच्या ऑनलाइन व्यासपीठाचा, आठ किंवा बारा आठवड्यांचा कोर्स जोड. शिकणं फुकट आहे, फक्त परीक्षेला हजारेक रुपये लागतात. २५ गुण असाइनमेंटचे, ७५ परीक्षेचे. कॉलेज हे क्रेडिट इलेक्टिव्हमध्ये धरत असेल तर आधी विभागप्रमुखांकडून लेखी मान्यता घे, मग सीजीपीएलाही हातभार लागेल.

नोकरी शोधताना कॅम्पसवरच बसून राहू नकोस. चिंचोली आणि अक्कलकोट रोडवर ओतकाम, कॅमशाफ्ट, विजेच्या मोटारी, रसायनं, कापड असे कारखाने आहेत. जिल्ह्यात साखर कारखाने आणि त्यांचे सहवीज प्रकल्प आहेत. तिथं गाळप साधारण दिवाळीच्या सुमारास सुरू होतं आणि हंगाम संपल्यावर दुरुस्तीच्या काळात मेकॅनिकलवाल्यांना खरं शिकायला मिळतं. यातल्या मधल्या आणि लहान कारखान्यांत ६.५चा फिल्टर लावणारं कुणी नसतं. तिथं प्लांट हेड स्वतः बोलतात आणि मायक्रोमीटर हातात देतात. ०.०१ मिलिमीटर वाचता येतं का, झिरो एरर आधी बघतेस का, ड्रॉइंगवरचं टॉलरन्स सांगता येतं का, एवढ्यावर पहिली दहा मिनिटं जातात. ८.५वालेही इथं अडकतात. कॉलेजच्या मेट्रोलॉजी लॅबमध्ये दोन शनिवार घालव. मुलाखतीत पाळी कुठली, रात्रपाळी आहे का, कंपनीची बस आहे का, हे सरळ विचार. त्यात संकोच करण्यासारखं काही नाही. क्वालिटी, पीपीसी आणि डिझाइन विभागात बऱ्याच ठिकाणी जनरल शिफ्ट असते.

त्या दोन विषयांबद्दल विचारतीलच. दोन वाक्यांच्या वर जाऊ नकोस. "दुसऱ्या वर्षी या दोन विषयांत मागे पडले, पुढच्या परीक्षेत सोडवले. त्यानंतर एकही विषय राहिला नाही आणि गेल्या सेमिस्टरला इतका एसजीपीए आहे." आजारपण, शिक्षक, पेपर अवघड, यातलं काही काढू नकोस. मात्र त्या दोन विषयांतले मूलभूत प्रश्न पाठ नाही, समजून तयार ठेव, कारण पुढचा प्रश्न तिथलाच येतो.

एक सावधगिरी. 'कन्सल्टन्सी' म्हणून कुणी रजिस्ट्रेशनचे, ट्रेनिंगचे, ऑफर लेटरचे पैसे मागितले तर तिथून उठून ये. आणि कंपनीनं बाँड पुढे केला तर किती वर्षांचा, सोडल्यास किती रक्कम आणि मूळ मार्कशीट ठेवून घेतात का, हे वाचल्याशिवाय सही नाही. मूळ मार्कशीट कुणाकडेही ठेवायची नाही.

महिनाभरात ठरवायचं आहे म्हणतेस, पण तुला या महिन्यात एमबीएचं काहीच ठरवावं लागत नाही. सीईटी पुढच्या वर्षी आहे आणि तिचा निकाल आल्यावरच कॅप राउंड होतात. महिनाभराची घाई असते ती मॅनेजमेंट कोट्याच्या बुकिंगला. आज रात्री जेवण झाल्यावर पप्पांना वरचा हप्त्याचा हिशेब कागदावर मांडून दाखव, तोंडी सांगू नकोस. रोज पाळीचं उत्पादन लिहिणाऱ्या माणसाला आकडे पटकन कळतात. त्यांनी मामांना आगाऊ रक्कम पाठवली नसेल तर थांबवायला सांग. पाठवली असेल तर पावती आणि फी परताव्याचे नियम लेखी मागवून घे.

आणि जूनपर्यंत हातात काहीच आलं नाही, तर घरी बसून पुढच्या सीईटीची वाट बघू नकोस. नॅट्स या केंद्र सरकारच्या अप्रेंटिसशिप योजनेच्या पोर्टलवर नाव नोंदव. १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली पदवीधरांना वर्षभराची अप्रेंटिसशिप मिळते. विद्यावेतन पगाराइतकं नसतं, पण वर्षाच्या शेवटी सरकारी प्रमाणपत्र मिळतं आणि काम चांगलं दिसलं तर तीच कंपनी ठेवूनही घेते. नोंदणीसाठी आधार, बँक खातं आणि गुणपत्रिका लागतात. आधारवरचं नाव आणि मार्कशीटवरचं नाव एकसारखं आहे का, तेवढं आत्ताच तपासून ठेव. नावात एक अक्षर इकडचं तिकडे असलं तरी दुरुस्तीत महिना जातो.